खोकल्याचा वारा

"जोरात खोक बाळा. घशातून नको, पोटातून खोक."

स्नायूंच्या आजारांची तपासणी जिथे चालते, त्या खोलीत फिजिओथेरपिस्ट ताईंना हे वाक्य दिवसातून अनेकदा म्हणावं लागतं. समोर चाकाच्या खुर्चीत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असतो. ड्युशेन नावाच्या आनुवंशिक आजारात आधी पायांचे स्नायू थकतात, मग हातांचे, आणि पुढे श्वास घेण्याचे व सोडण्याचे. मुलाच्या नाकातोंडावर मऊ कडेचा मास्क दाबून धरलेला असतो आणि मास्कला एक प्लास्टिकची नळी जोडलेली असते. दम्याचे रुग्ण घरी जिच्यात फुंकतात, तीच ही नळी, पीक फ्लो मीटर. मुलगा खोकतो. नळीवरचा काटा सरकतो आणि जिथवर गेला तिथेच थांबून राहतो. असं तीन-चारदा करून सगळ्यांत मोठा आकडा कागदावर लिहिला जातो. समजा, तो 240 आला. मिनिटाला 240 लिटर.

शेजारी बसलेली आई बुचकळ्यात पडते. पोरगा खोकला जेमतेम अर्धा सेकंद, मग 240 लिटर हवा आली कुठून? घरातल्या हंड्याने मोजायची तर पंधरा-सोळा हंडे होतील! पण हा आकडा साठ्याचा नाही, वेगाचा आहे. गाडीचा काटा ताशी 60 किलोमीटर दाखवतो, म्हणून गाडी तासभर धावलीच असं होत नाही. खोकल्याच्या सगळ्यांत जोरकस क्षणी हवा ज्या दराने बाहेर पडली, तो दर मिनिटभर टिकला असता तर 240 लिटर हवा निघाली असती, एवढाच याचा अर्थ. प्रत्यक्षात एका खोकल्यात बाहेर येणारी हवा लिटरभराच्या मागेपुढे असते.

दर कळला, तरी तो चांगला की वाईट हे कळायला हवं. निरोगी प्रौढ माणसाचा खोकला मिनिटाला 360 लिटरच्या वर जातो. स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात हा आकडा 270 च्या खाली आला, की डॉक्टर सावध होतात. कारण असा माणूस एरवी बरा असला तरी साधी सर्दी छातीत उतरली की खोकला आणखी मंदावतो आणि कफ आतच साठतो. त्याही खाली एक रेघ आहे, 160 ची. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये काम करणारे डॉ. जॉन बाख यांनी 1996 मध्ये दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या अशा रुग्णांची नळी काढता येईल का, हे ठरवायला खोकल्याचा हा दर फार उपयोगी पडतो. 160 च्या वर असलेले रुग्ण नळीवाचून तगले, त्याखालचे तगले नाहीत. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. अतिदक्षता विभागात लाखो रुपयांची यंत्रं असतात आणि माणूस स्वतःच्या श्वासावर उभा राहील का, याचं उत्तर एका खोकल्यात सापडतं.

खोकला आपण आवाजावरून ओळखतो. कोरडा, ओला, ढास, ठसका, उबळ, डांग्या खोकला ही सारी नावं कानांनी आणि अनुभवाने दिलेली आहेत. पण शरीराच्या दृष्टीने आवाज ही नुसती सोबतीला आलेली गोष्ट आहे. खोकल्याचं खरं काम वारा करतो. श्वासनलिकेच्या भिंतीला चिकटलेला कफ सोलून काढायचा आणि वर आणून टाकायचा, यासाठी शरीर स्वतःच्या छातीत क्षणभर वादळ उठवतं.

त्या वादळाची तयारी पाहण्यासारखी असते. आधी खोल श्वास, कारण भाता भरल्याशिवाय फुंकर नाही. मग स्वरयंत्राचं दार घट्ट बंद होतं. ते सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा बंद राहतं आणि तेवढ्यात पोटाचे व बरगड्यांचे स्नायू कोंडलेल्या हवेला आवळतात. छातीतला दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या पुढे जातो, जोराच्या खोकल्यात 300 पर्यंतही. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा किती करकचतो ते आठवा. तोच दाब इथे छातीच्या आत असतो. खोकून खोकून काहींची बरगडी मोडते, काहींना भोवळ येते, त्याचं कारण हा दाब. मग दार एकदम उघडतं. हवेचा लोट सुटतो आणि बंद दार फाडून बाहेर पडताना जो धक्का बसतो, तो आपल्याला खोकल्याचा पहिला आवाज म्हणून ऐकू येतो.

याच वेळी आत आणखी एक गोष्ट घडते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, पण त्या पूर्ण गोल नसतात. मागच्या बाजूला उघड्या असतात आणि तिथे मऊ पडदा असतो. छातीतला दाब बाहेरून दाबू लागला, की हा पडदा आत वाकतो आणि नळीचं छिद्र चिंचोळं होतं. वरवर पाहता हे उलटच वाटतं. हवा बाहेर टाकायची तर वाट रुंद व्हायला हवी! पण चुलीजवळ बसून ज्यांनी फुंकणी वापरली आहे, त्यांना यातलं मर्म ठाऊक आहे. नुसत्या तोंडाने फुंकर मारली तर निखारा जेमतेम लाल होतो. तोच श्वास फुंकणीतून गेला की ज्वाळ उठते. तेवढीच हवा अरुंद वाटेने जायची, तर तिला पळावं लागतं. नळीचं छिद्र एक-षष्ठांश झालं, तर तोच दर राखण्यासाठी हवेचा वेग सहापट व्हावा लागतो. शरीराला कफापाशी नेमका हा वेग हवा असतो.

वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वाचल्या गेलेल्या गायटनच्या शरीरक्रियाशास्त्रात खोकल्याच्या हवेचा वेग ताशी 75 ते 100 मैल दिला आहे, म्हणजे ताशी 120 ते 160 किलोमीटर. हाच आकडा पुढे वर्तमानपत्रांत, शाळेच्या भित्तिपत्रकांवर आणि करोनाच्या काळात प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरला. पण आतल्या चिंचोळ्या नळीतला वेग वेगळा आणि ओठांबाहेरचा वेगळा. या दोन जागांची सरमिसळ झाली, की खोकल्याची भीती वाढते आणि समज मात्र वाढत नाही.

ओठांबाहेरचा वेग काढायला फार मोठं गणित लागत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जितेंद्र गुप्ता, चाओ-सिन लिन आणि चिंगयान चेन यांनी 25 माणसांना खोकायला लावलं आणि 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. चेन यांच्या गटाचा रस इमारती आणि विमानांच्या केबिनमधल्या हवेत होता. एका प्रवाशाचा खोकला इतरांपर्यंत कसा पोचतो, याचं संगणकावर गणित मांडायचं, तर तो प्रवासी नेमका कसा खोकतो हे आधी माहीत हवं. त्याआधी असं गणित मांडताना खोकला म्हणजे एका ठरावीक वेगाचा झोत, असं सरळ धरून चालायची पद्धत होती. गुप्तांनी प्रत्येक खोकल्याची क्षणाक्षणाची नोंद घेतली. दर किती वाढला, केव्हा शिखरावर गेला, कसा उतरला हे पाहिलं. तोंड किती उघडतं, तेही मोजलं. झोताची दिशा कळावी म्हणून धूर वापरला.

पुरुषांत दराचं शिखर सेकंदाला 3 ते 8.5 लिटर निघालं, स्त्रियांत 1.6 ते 6 लिटर. शिखर गाठायला लागलेला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत 57 ते 110. म्हणजे पापणी पुरती लवायच्या आत खोकला ऐन भरात येतो आणि मग सावकाश ओसरतो. पुरुषांच्या तोंडाचं उघडलेलं छिद्र सरासरी 4 चौरस सेंटिमीटर होतं, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं.

आता फुंकणीचा हिशोब इथे लावा. सेकंदाला 6 लिटर म्हणजे 6000 घन सेंटिमीटर. त्याला 4 ने भागलं, की 1500 सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. ताशी 54 किलोमीटर. जोराचा खोकला ओठांवर एवढ्या वेगाने निघतो, शहराबाहेरच्या रस्त्यावर बेताने चाललेल्या मोटारसायकलइतका. आणि सेकंदाला 6 लिटर म्हणजेच मिनिटाला 360 लिटर. संसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांचा आणि त्या फिजिओथेरपिस्ट ताईंचा आकडा असा एकाच जागी येऊन भेटतो. एकाला तो वारा फार वाटतो, दुसऱ्याला तो पुरेसा आहे की नाही याची काळजी असते. मोजतात दोघं तोच अर्धा सेकंद.

गुप्तांच्या धुरातून निघालेली एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. खोकल्याचा झोत समोर सरळ जात नाही. तो खाली झुकलेला असतो. झोताची वरची कड आडव्या रेषेपासून सुमारे 15 अंश खाली आणि खालची कड सुमारे 40 अंश खाली. उभ्या माणसाचा खोकला समोर उभ्या माणसाच्या छातीवर-पोटावर जातो. समोरचा बसलेला असेल, किंवा लहान मूल असेल, तर मात्र तो तोंडावर येतो.

दर मोजायची साधनं जुनी आहेत. जॉन हचिन्सन यांनी 1840 च्या दशकात पाण्यात तरंगणाऱ्या घंटेसारख्या भांड्याने फुप्फुसांतल्या हवेचा साठा मोजला. आल्फ्रेड फ्लाइश यांनी 1925 मध्ये साठ्याऐवजी प्रवाह मोजायची युक्ती काढली. श्वासाच्या वाटेत बारीक नळ्यांचा जुडगा ठेवायचा आणि त्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजायचा. प्रवाह जितका जोराचा, तितका दोन्हींतला फरक मोठा. आजची बरीच यंत्रं याच तत्त्वावर चालतात. पीक फ्लो मीटर आला 1959 मध्ये, मार्टिन राइट यांच्याकडून. राइट यांनी खाणकामगारांच्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसांवर काम केलं होतं. जिथे रुग्ण तिथे नेता येईल असं साधन त्यांना हवं होतं. ते पुढे आणखी लहान आणि स्वस्त झालं आणि जगभरच्या दम्याच्या रुग्णांच्या घरात पोचलं.

पण या सगळ्या साधनांत एक खोट आहे. खोकणाऱ्याच्या तोंडाला काहीतरी लावावं लागतं. नळी तोंडात धरली, की ओठांचा आकार बदलतो, झोताची दिशा बदलते आणि खोलीत गेल्यावर त्या हवेचं काय होतं ते तर कळतच नाही. त्यासाठी हवा डोळ्यांनी पाहावी लागते.

हवा दिसते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबवर जी थरथर दिसते, ती गरम हवाच असते. गरम हवा विरळ, थंड हवा दाट, आणि दोन्हींतून जाताना प्रकाश किंचित वाकतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी भिंगातून मेणबत्तीवरच्या हवेचा असाच लोट पाहिला होता. 1864 मध्ये जर्मनीत आउगुस्ट ट्योपलर यांनी याचं पद्धतशीर तंत्र केलं. त्याला श्लीरेन म्हणतात. एका बिंदूतून निघालेला प्रकाश मोठ्या अंतर्वक्र आरशावर पाडायचा. आरसा तो पुन्हा एका बिंदूत गोळा करतो. त्या बिंदूवर पात्याची धार अशी ठेवायची, की निम्मा प्रकाश अडेल. आता आरशासमोरच्या हवेत कुठे गरम लोट आला, तर तिथला किरण केसभर वाकतो आणि धारेच्या या किंवा त्या बाजूला जातो. चित्रात तिथे उजेड किंवा काळोख दिसतो. पात्याच्या एका धारेने अदृश्य वारा दिसू लागतो! धूर नको, रंग नको, माणसाच्या तोंडाला काहीही लावायला नको. श्वासाची स्वतःची ऊब पुरते.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गॅरी सेटल्स यांच्या प्रयोगशाळेत असा एक मीटर व्यासाचा आरसा होता. तेव्हा सिंगापूरमध्ये असलेले विषाणुतज्ज्ञ ज्युलियन टँग आणि सेटल्स यांनी त्यासमोर माणसांना खोकायला लावलं. त्यातलं एक छायाचित्र 2008 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापलं. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या निबंधात खोकल्याचा झोत सुमारे 24 अंशांच्या कोनात पसरताना दिसतो आणि त्याचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला 8 मीटरच्या आसपास भरतो. टँग यांनी नंतर वीस निरोगी माणसांवर सावलीच्या तशाच तंत्राने मोजणी केली, तेव्हा पुरुषांच्या खोकल्याचा वेग 3.2 ते 14 आणि स्त्रियांच्या खोकल्याचा 2.2 ते 5 मीटर निघाला. कोलोरॅडो विद्यापीठात हवेत बारीक कण सोडून, लेझरच्या उजेडात त्या कणांचा माग काढून 29 जणांचा खोकला मोजला गेला. तिथे सगळ्यांत मंद खोकला 1.5 मीटरचा, सगळ्यांत वेगवान 28.8 मीटरचा आणि सरासरी सुमारे 10 मीटरची.

हे आकडे एकमेकांशी भांडताहेत असं पहिल्यांदा वाटतं. मलाही वाटलं होतं. पण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. लेझरच्या पद्धतीत झोताच्या गाभ्यातला वेग हाती लागतो. आरशाच्या पद्धतीत बहुतेकदा झोताच्या पुढच्या टोकाचा वेग कळतो, आणि टोक गाभ्यापेक्षा नेहमी मंद असतं, कारण समोरच्या स्थिर हवेला ढकलत जायचं काम त्याच्याकडे असतं. शिवाय माणसागणिक फरक, आणि एकाच माणसाच्या दोन खोकल्यांतही फरक. एकच आकडा मागणं म्हणजे 'नदीचा वेग किती' असं विचारणं. पात्राच्या मध्याला की काठाला, पुलाखाली की डोहात, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आरशाच्या पद्धतीची मर्यादाही ओळखायला हवी. तिला ऊब दिसते. श्वास तिशीपलीकडच्या अंशांवर बाहेर पडतो. खोली पंचवीस अंशांवर असेल, तर फरक स्पष्ट उमटतो. मे महिन्यात मुंबईतल्या बंद खोलीत पारा तेहतिसावर असताना तेच चित्र फार पुसट येईल. आणि लोट खोलीच्या हवेत मिसळून तिच्याइतकाच गार झाला, की तो दिसेनासा होतो. पण त्यातले सूक्ष्म थेंब तिथेच असतात. चित्रात झोत जिथे संपला, तिथे धोका संपला असं मानणं ही चूक आहे.

2020 मध्ये हाच प्रश्न आपल्याकडे बंगळुरूमध्ये हाती घेतला गेला. इस्रोचे पद्मनाभ प्रसन्न सिंह आणि श्री जयदेव हृदयरोग संस्थेतले डॉ. प्रसन्न सिंह मोहन राव यांनी पाच जणांचा खोकला श्लीरेन तंत्राने टिपला. त्यांना दूरवरच्या वाऱ्याचं वागणं पाहायचं होतं, आणि तोंडावर काहीतरी ठेवल्यावर ते कसं बदलतं हेही. उघड्या तोंडाचा खोकला 3 मीटरपर्यंत जाऊ शकत होता. साधा, एकदा वापरून टाकायचा मास्क लावला की अर्ध्या मीटरवर थांबत होता. एन-95 मध्ये 10 ते 25 सेंटिमीटरवर, आणि सुरुवातीचा वेग दहापटीपर्यंत कमी.

मास्कविषयी त्या काळात जो वाद चालला, तो बहुतेक सगळा गाळणीचा होता. कापडाच्या छिद्रापेक्षा विषाणू लहान, मग मास्क काय अडवणार, असं माणसं तावातावाने विचारत. या मोजणीतून दिसलेली गोष्ट त्या वादात कुणी फारशी मांडली नाही. मास्क गाळणी आहेच, पण तो बांधही आहे. थेंबांना दूर नेतो तो वारा. वाऱ्याचा जोरच मोडला, तर गाळणीतून निसटलेले थेंबही खोकणाऱ्याच्या जवळच राहतात. वरची कड नाकावर नीट बसली नसेल तर तिथून झोत वर उसळतो, बाजूंनी फटी असतील तर कानांकडे, हे सेटल्स यांच्या आरशातही दिसलं होतं. तरी समोरच्याच्या तोंडावर थेट येणारा झोत तुटलेला असतो.

बंगळुरूच्या प्रयोगात कोपराचीही परीक्षा झाली. रुमाल नसेल तर कोपरात खोका, असं आपण मुलांना शिकवलं. उघड्या हातावर नाकातोंडाशी घट्ट झाक बसत नाही आणि हवा फटींतून चारी दिशांना निसटते, असं त्यात आढळलं. बाही असेल तर कोपर कामाचा. आपल्या हवेत वर्षातले आठ महिने माणसं अर्ध्या बाहीत असतात, तेव्हा या सूचनेत रुमालाचा उल्लेख आधी यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ओठांपासून तीन मीटरपर्यंतच्या या प्रवासात वाऱ्याचं काय होतं? खोकला सुरू असेपर्यंत तो झोत असतो. मागून हवेचा रेटा येत असतो. झोत जाता जाता आजूबाजूची हवा आपल्यात ओढून घेतो, फुगतो आणि मंदावतो. हवेचं वजन वाढत जातं पण ढकलणारा जोर तेवढाच, म्हणून वेग घटतो. अर्ध्या सेकंदाने तोंड बंद झालं की रेटा संपतो. आता उरतो एक सुटा लोट, उबदार हवेचा ढग. आदर्श स्थितीत झोताला दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. सुट्या लोटाला तेच अंतर दुप्पट करायला सोळापट वेळ लागतो. म्हणूनच सुरुवातीचा ताशी 54 किलोमीटरचा वेग ऐकून छाती दडपायचं कारण नाही. तो वेग पहिल्या वीतभर अंतरातच सरतो. पण ढग मंद झाला म्हणजे विरला असंही नव्हे. तो भोवतालापेक्षा उबदार असल्याने हळूच वर उचलला जातो आणि आतले बारीक थेंब सोबत नेतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिडिया बुरुइबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे मांडलं. एकटा थेंब जिथवर गेला असता, त्याहून ढगात बसून तो पुष्कळ लांब जातो.

या ढगाचा हिशोब पवईलाही मांडला गेला. आयआयटी मुंबईतले अमित अग्रवाल आणि रजनीश भारद्वाज यांनी 2020 मध्ये, इतरांनी केलेल्या मोजण्यांवरून, खोकल्याचा ढग किती हवा व्यापतो हे काढलं. उघड्या खोकल्याचा ढग साध्या सर्जिकल मास्कच्या ढगाच्या सातपट आणि एन-95 च्या तेवीसपट मोठा निघाला. खोकल्यानंतरचे पहिले 5 ते 8 सेकंद महत्त्वाचे, त्यानंतर ढग विस्कटू लागतो. लिफ्टमध्ये कुणी खोकलं आणि दोन मजल्यांनंतर आपण आत शिरलो, तर आपण नेमके कशात शिरतो, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. पंखा, खिडकी, हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट यांचं महत्त्वही त्यातूनच कळतं.

तरी या सगळ्या मोजण्यांत एक उणीव राहते. "आता खोका" म्हटल्यावर खोकणारी माणसं बहुधा निरोगी असतात, आणि सांगून खोकणं वेगळं, आतून उबळ येणं वेगळं. खऱ्या ढासेत एकामागून एक चार-पाच खोकले येतात. मध्ये श्वास घ्यायला उसंत नसते, त्यामुळे प्रत्येक खोकल्याला आधीच्यापेक्षा कमी हवा मिळते आणि झोत उतरत जातो. क्षयाच्या रुग्णाची पहाटेची ढास आरशासमोर उभं राहून होत नाही. आजारी माणसाचा खोकला त्याला त्रास न देता, त्याच्या घरातच मोजता यावा, ही या क्षेत्रातली मला सर्वांत निकडीची गोष्ट वाटते.

दुबळ्या खोकल्याला बळ देण्याचे उपायही वाऱ्याच्या याच नियमांवर उभे आहेत. पोलिओच्या साथींच्या काळात, 1950 च्या दशकात अमेरिकेत एक यंत्र आलं. ते आधी छातीत हवा भरायचं आणि मग झटक्यात ती ओढून घ्यायचं. आज त्याच्या नव्या रूपाला कफ असिस्ट म्हणतात. त्यात साधारणपणे पाण्याच्या 40 सेंटिमीटरएवढा दाब आत आणि तेवढीच ओढ बाहेर देतात. स्नायूंनी जे करायचं ते यंत्र करतं. पण यंत्र महाग आहे आणि प्रत्येक घरात ते येत नाही.

म्हणून ताई आईला दुसरा उपाय शिकवतात. त्याला लागते फक्त रबरी फुग्यासारखी अंबू बॅग. मुलगा श्वास घेतो आणि स्वरयंत्राचं दार बंद करून तो धरून ठेवतो. आई बॅग दाबते, आणखी थोडी हवा आत जाते. मुलगा तीही धरतो. पुन्हा एक दाब. एकावर एक श्वास रचायचे, छाती स्वतःच्या ताकदीने कधी भरली नसती इतकी भरेपर्यंत. मग आई दोन्ही तळवे बरगड्यांच्या खाली पोटावर ठेवते.

"आता खोक!"

मुलगा खोकतो आणि त्याच क्षणी ती आत आणि वर दाबते. पहिल्या खेपेला वेळ चुकते. तिचा हात पडतो तेव्हा दार उघडून गेलेलं असतं आणि काटा 240 वरच राहतो. दुसऱ्या खेपेला ती त्याच्या डोळ्यांकडे बघत थांबते. काटा 270 ची रेघ ओलांडतो. ताई तो खाली सरकवून पुन्हा शून्यावर आणतात, आणि आई पर्समधून वही काढून तारीख लिहिते.